काकूंच्या मोतीबिंदूविषयी

प्रिय सुहास,
सप्रेम नमस्कार.

काकूंच्या उजव्या डोळ्याचा मोतीबिंदू काढायला डॉक्टरांनी सांगितले असूनही त्यांनी ते दिवाळीनंतरवर ढकलले आहे, हे तुझ्या पत्रावरून कळले. हल्ली पोथी वाचायची नसली तर घाई कसली, असे तूही लिहिलेस. माझे मत वेगळे आहे, कारण मला चिंता वाचनाची नसून काकूंच्या पडण्याची वाटते.

मोतीबिंदूमुळे केवळ अक्षरे धूसर होत नाहीत, तर जवळजवळ एकाच रंगाच्या दोन पृष्ठभागांतला फरकही कळेनासा होतो. तुमच्या मागच्या पायऱ्या शहाबादी फरशीच्या आहेत आणि खालचे अंगणही त्याच फरशीचे आहे. संध्याकाळी पायरी कुठे संपते हे आपल्याला कडेच्या बारीक सावलीवरून कळते. काकूंना ती सावलीच नीट दिसत नसणार. त्या कडांवर पिवळ्या ऑइलपेंटचा चांगला रुंद पट्टा याच आठवड्यात मारून घे, त्यासाठी शस्त्रक्रियेची वाट पाहू नकोस.

इंग्लंडमधील नॉटिंगहॅम येथे सत्तरी ओलांडलेल्या ३०६ स्त्रियांचा एक अभ्यास झाला आणि तो २००५ मध्ये प्रसिद्ध झाला. एका गटाच्या पहिल्या डोळ्याची शस्त्रक्रिया साधारण महिनाभरात केली, तर दुसऱ्या गटाला तिथल्या रिवाजाप्रमाणे वर्षभर थांबावे लागले. त्या वर्षात लवकर शस्त्रक्रिया झालेल्या गटात पडण्याचे प्रमाण ३४ टक्क्यांनी कमी राहिले. हाड मोडलेल्या स्त्रिया त्या गटात ४ होत्या, थांबलेल्या गटात १२. या वयात खुब्याचे हाड मोडले की माणूस पुन्हा पहिल्यासारखा हिंडेल याची खात्री उरत नाही, म्हणून मला हे आकडे फार महत्त्वाचे वाटतात. मोतीबिंदू पिकू द्यावा, हा समजही आता सोडायला हवा. फेको पद्धतीत, म्हणजे ध्वनिलहरींनी मोतीबिंदू फोडून शोषून घेतात त्या पद्धतीत, फार कडक झालेला मोतीबिंदू काढणे उलट अवघड जाते.

मात्र शस्त्रक्रिया झाली की धोका टळला, असे समजू नकोस. एक डोळा स्वच्छ आणि दुसरा धूसर, शिवाय दोन्हींच्या नंबरात तफावत, अशा मधल्या काळात खोलीचा अंदाज चुकतो. जुना चष्मा शस्त्रक्रिया झालेल्या डोळ्याला जुळत नाही आणि नवा नंबर बहुधा काही आठवडे थांबूनच काढतात. तेवढे दिवस काकूंनी एकटीने जिना उतरू नये, रात्री लघवीला उठताना दिवा लावावा आणि न्हाणीघरात धरायला पक्की दांडी असावी. त्यांना झोपेची गोळी चालू असेल, तर तीही डॉक्टरांना दाखव.

चष्म्याबद्दल माझा विशेष आग्रह आहे. बायफोकलमधून पायरीकडे पाहिले, की नजर खालच्या वाचनाच्या भिंगातून जाते आणि पाऊल ठेवायची जागाच अस्पष्ट दिसते. ऑस्ट्रेलियातील एका चाचणीत नियमित बाहेर हिंडणाऱ्या वृद्धांना चालण्यासाठी केवळ लांबचा चष्मा दिल्यावर त्यांचे पडणे कमी झाले. घराबाहेर क्वचितच जाणाऱ्यांना मात्र त्याचा लाभ झाला नाही, उलट बाहेर असताना त्यांचे तोल जाऊन पडणे वाढले. काकू रोज देवळात चालत जातात, तेव्हा त्यांच्यासाठी असा वेगळा चष्मा करावा का, हे डॉक्टरांना अवश्य विचार.

दुसऱ्या डोळ्याचे कधी करायचे, तेही पहिल्याच भेटीत विचारून घे, म्हणजे मधला काळ उगाच लांबणार नाही. तारीख ठरली की कळव. मी आदल्या दिवशी येतो आणि आठवडाभर राहतो. काकूंना माझा नमस्कार सांग.

तुझा,
माधव