तुतारीची तिकिटे काढली आहेत

तीर्थरूप आई-बाबांस साष्टांग नमस्कार.

आई, हे पत्र बाबांच्या शेजारी बसून सावकाश वाच.

बाबांच्या बोलण्यावरच्या उपचारांसाठी कुडाळहून दादरपर्यंतची तुतारी एक्स्प्रेसची तिकिटे मी काढली आहेत. दोन्ही बर्थ खालचे आहेत. न विचारता ठरवले याचा राग येणे साहजिक आहे. परंतु विचारले असते तर आगर कोण शिंपणार, गुरांचे काय, यातच पावसाळा उजाडला असता, आणि पहिल्या काही महिन्यांत सुधारणा अधिक वेगाने होते. गुरे आणि आगर काकांनी अंगावर घेतले आहे. हे उपचार फोनवरूनही होतात, पण आपल्याकडे रेंज मिळते ती विहिरीपाशी. गणपतीला आपण घरीच असू.

बाबा, तुमची बुद्धी कुठेही गेलेली नाही. बहुतेकांच्या भाषेचा कारभार मेंदूच्या डाव्या बाजूला असतो, तिथे मार बसला की भाषा अडू शकते, त्यालाच वाचाघात म्हणतात. पॉल ब्रोका या फ्रेंच डॉक्टरांनी बोलण्याचा संबंध मेंदूच्या पुढच्या भागाशी १८६१ मध्येच जोडला होता (तुम्हाला सनावळ्या आवडतात, म्हणून लिहिते). तुम्ही रामरक्षा न अडखळता म्हणता आणि पाणी मागताना मात्र हात करता, हे हट्टाने नव्हे. पाठ असलेले, सुरात बसलेले पुष्कळदा टिकून राहते, आणि त्याच सुराच्या आधाराने छोटी वाक्ये बसवण्याची एक पद्धतही आहे. सरावाचे शब्द आपल्या मालवणीतलेच घेऊ, असे थेरपिस्टबाईंनी कबूल केले आहे. पेज पिताना लागणारा ठसकाही त्याच तपासतील. किती फरक पडेल, हे मात्र त्या आधी सांगत नाहीत, आणि मला ते प्रामाणिकपणाचे वाटले.

इथे उकडा तांदूळ आणला आहे, कुळथाचे पीठ आहे, खाट खिडकीशी लावली आहे.

सतराच्या पाढ्यात मी अडले की तुम्ही ओटीवर गप्प बसून राहायचात, पुढचा आकडा कधी सांगितला नाहीत. आई, तूही तसेच थांब. त्यांचे वाक्य आपण पुरे करायचे नाही. टीव्ही बंद करून बोल, एका वेळी एकच गोष्ट विचार, खूण केली तरी चालवून घे. आल्यागेल्यांपुढे "त्यांना काही समजत नाही" असे काळजीपोटी तुझ्या तोंडून जाते, हे मला कळते. पण ते ऐकत असतात.

सीटी स्कॅनची फाइल, चष्मा आणि गोळ्या हातातल्या पिशवीत ठेव, बॅगेत नको. नारळ अजिबात आणू नका, उचलणार कोण?

तुमची,
बायो