एक गाणे, तीन तबकड्या : एका आदरणीय संग्राहकास आभारपत्र

आदरणीय काका,

सादर नमस्कार.

आपले नाव कुठेही येऊ नये, ही आपली अट पाळून हे पत्र सर्वांसमक्ष लिहीत आहे. शिकागोच्या वास्तव्यात जमवलेल्या आणि इतकी वर्षे जिवापाड जपलेल्या तीन तबकड्या आपण आमच्या श्रवणमंडळासाठी विश्वासाने हाती दिल्यात, त्याबद्दल मंडळ आपले ऋणी आहे. परंतु माझे स्वतःचे आभार आहेत ते आपण त्या ज्या पद्धतीने ऐकवल्यात त्याबद्दल.

अमेरिकी तबकडीच्या मोठ्या भोकात प्लॅस्टिकची पिवळी चकती बसवून आपण सुई टेकवलीत आणि तिन्ही वाजून होईपर्यंत लेबल कोणालाही पाहू दिले नाहीत. गाणे रूडी क्लार्क यांचे, ‘इट्स इन हिज किस’. प्रियकराचे प्रेम डोळ्यांत किंवा मिठीत शोधू नकोस, ते चुंबनातच कळते, असे बजावणारे. ‘यातले मूळ कोणते?’ हा आमचा ठरलेला प्रश्न आला, तेव्हा आपण आधी कोणते आवडले ते सांगायला लावलेत. बहुतेकांनी पहिल्या तबकडीला कौल दिला, आणि ती निघाली मेरी क्लेटनची : १९६३ साली कॅपिटल कंपनीने जॅक निट्शे यांच्या निर्मितीत काढलेली, गायिका अवघी चौदा वर्षांची, आवाजात मात्र चर्चच्या गायनाने आलेले बळ. त्या तबकडीला बाजारात यश मिळाले नाही, हे ऐकून आमच्यापैकी काहींना चक्क राग आला.

तो राग आपण शांतपणे उतरवलात. १९०९च्या अमेरिकी कायद्यानुसार एकदा ध्वनिमुद्रित होऊन बाहेर पडलेले गाणे, प्रतीमागे दोन सेंट ठरीव मोबदला देऊन, कोणतीही कंपनी पुन्हा गाऊन घेऊ शकत असे. त्यामुळे कंपन्या एकमेकींशी झुंजत असताना, तो मोबदला ज्याला मिळे त्या गाण्याच्या प्रकाशकाला मात्र कोणीही जिंकले तरी चालत असे, हे आपण सांगितल्यावर ‘मूळ’ आणि ‘नक्कल’ ही आमची वाटणी तेथे फारशी लागू पडत नाही, हे ध्यानात आले. (ऐंशीच्या दशकात टी-सिरीजने जुनी लोकप्रिय गाणी नव्या गायकांकडून गाऊन घेतली तेव्हा नाके मुरडणारे आमच्या मंडळात आजही आहेत, त्या दिवशी ते जरा गप्प होते.)

खरी मौज पुढेच होती. वी-जे या शिकागोच्या कंपनीचे कॅल्विन कार्टर यांनी हेच गाणे बेटी एव्हरेट यांच्याकडून गाऊन घेतले. त्याच सुमारास, १९६४च्या आरंभी, वॉर्नर ब्रदर्सची रमोना किंग यांची तबकडीही येत होती. दोन्हींची गल्लत होऊ नये म्हणून वी-जेने साथीच्या मुलींचा घोष उचलून शीर्षकाच्या अग्रभागी बसवला : ‘द शूप शूप साँग’, आणि मूळ नाव कंसात. रेडिओवर ऐकलेले गाणे दुकानात जाऊन मागणाऱ्याच्या तोंडी जे शब्द असतील तेच लेबलावर छापण्याची ही हुशारी मला गायनाइतकीच दाद देण्याजोगी वाटते. एप्रिल १९६४मध्ये ‘बिलबोर्ड’ या अमेरिकी संगीत-साप्ताहिकाच्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीतील पहिल्या पाचही जागा बीटल्सनी अडवल्या असताना हे गाणे पहिल्या दहांत होते आणि पुढे सहाव्या क्रमांकापर्यंत चढले; त्या पाचांतले ‘प्लीज प्लीज मी’ही वी-जेचेच, हे आपण मिस्कीलपणे जोडलेत.

तरीही एव्हरेट केवळ शीर्षकामुळे जिंकल्या, असे मला वाटत नाही. त्यांच्या तबकडीतला प्रश्नोत्तरांचा भाग आपण दुसऱ्यांदा लावलात तेव्हा दिसले की, साथीच्या मुली विचारतात आणि एव्हरेट नकार देतात, ही प्रश्नोत्तरे तेथे इतकी मोकळी ऐकू येतात की ऐकणाराही आपसूक त्यात सामील होतो. मेरीचा आवाज मोठा असूनही तिच्या तबकडीत ती एकटीच गाते आहे असे वाटते. रमोना किंग यांच्या तबकडीविषयी आम्ही फार बोललो नाही, हा त्यांच्यावर थोडा अन्यायच झाला. ती पुन्हा ऐकण्याची परवानगी असावी.

तबकड्या आपल्याच कागदी पाकिटांत, उभ्या ठेवून, पुढील बैठकीआधी घरपोच करीत आहे. ‘यू आर नो गुड’ या गाण्याची ज्युबिली कंपनीची डी डी वॉरविक यांची आणि वी-जेची एव्हरेट यांचीच, अशी १९६३ची जोडी आपल्या संग्रहात असल्याचे आपण बोलता बोलता म्हणाला होतात. आपली हरकत नसल्यास पुढची बैठक तिच्यावर ठेवू, आणि लेबले या वेळीही झाकलेलीच राहू देत.

आपला नम्र,
मंडळाचा एक सभासद