शेवटची गाठ डिंकाच्या भरवशावर नको

महोदय,

आपल्या रविवार पुरवणीत फ्लाय, म्हणजे माशाला भुलवायला गळावर पिसं आणि दोरा बांधून केलेला नकली किडा, बांधण्याच्या छंदावर आलेला लेख वाचला. गळ, पिसं, व्हाइस (गळ घट्ट धरून ठेवणारा शिकंजा) यांची माहिती चांगली आहे. मात्र बांधलेली फ्लाय ज्या जागी सुटते, तो टप्पा लेखाने ‘शेवटी दोन गाठी मारून डिंकाचा थेंब टाकावा’ एवढ्यावर उरकला आहे, आणि सोबतच्या, व्हिप फिनिश या दुसऱ्या गाठीच्या आकृतीत दोऱ्याचे पदर उलटे पडले आहेत. नवखा माणूस त्या आकृतीबरहुकूम गेला तर त्याची गाठ बसणारच नाही, म्हणून हे पत्र.

लेखाच्या मजकुरातली गाठ म्हणजे हाफ हिच. दोऱ्याचा एक फास नेढ्यावरून सरकवून ओढायचा, की झालं. मधल्या टप्प्यात, म्हणजे शेपूट बांधून अंगाकडे वळताना, ती उत्तम. बॉलपेनची रिकामी कांडी असली तरी भागतं: निमुळत्या टोकावर दोऱ्याचा एक वेढा घ्यायचा, टोकाचं भोक गळाच्या नेढ्यावर टेकवायचं आणि वेढा सरकवून गळावर उतरवायचा. पण हाफ हिचमध्ये दोऱ्याचं टोक एकाच वेढ्याखाली दाबलेलं असतं. सुती दोरा निदान थोडा धरून ठेवतो. आजचे नायलॉनचे आणि पॉलिएस्टरचे दोरे गुळगुळीत, ते सरकतात. वर डिंकाचं कवच चढवलं तरी फ्लाय दगडांवर आपटते, माशाच्या तोंडात चेंगरते. महसीर माशाच्या जबड्यात दात नसतात हे खरं, पण घशातल्या दातांनी तो शिंपले फोडतो. डिंकाला एक तडा गेला की खालची गाठ उघडी पडते.

म्हणून शेवटची गाठ व्हिप फिनिशच हवी. तिच्यात टोक चार-पाच वेढ्यांखाली गाडलं जातं. क्रिकेटच्या बॅटला दोरा गुंडाळणारे कारागीर शेवटचं टोक गुंडाळीच्या पोटात ओढून घेतात, त्यातलंच हे तत्त्व. गाठ अशी दिसत नाही, फुगवटा येत नाही, आणि ताण पडला की वेढे टोकाला उलट जास्तच आवळतात.

हाताने करायची रीत अशी. उजव्या हाताने काम करणाऱ्याने गळाचं नेढं उजवीकडे ठेवावं. बॉबिन (दोऱ्याचं रीळ धरणारं, नळीतून दोरा सोडणारं साधन) डाव्या हातात घेऊन पंधरा-वीस सेंटिमीटर दोरा मोकळा सोडावा. उजव्या हाताची तर्जनी आणि मधलं बोट दोऱ्याला लावून त्यांच्यावर फास घ्यावा आणि मनगट असं वळवावं की दोन्ही पदर एकमेकांना छेदतील. समोर उलटा ४ दिसला पाहिजे. बॉबिनकडचा पदर गळाच्या दांडीला समांतर, डावीकडे आडवा. फ्लायच्या डोक्यातून, म्हणजे नेढ्यामागच्या दोऱ्याच्या गुंडाळीतून, बोटांकडे गेलेला पदर उभा. आता हा उभा पदर आडव्या पदरावरून गळाभोवती फिरवायचा. छापलेल्या आकृतीत आडवा पदर वर दाखवला आहे. तसा तो राहिला तर वेढ्यांखाली काहीच गाडलं जात नाही आणि ओढल्यावर सगळं सुटून हातात येतं.

प्रत्येक वेढ्याला बोटांच्या जागा बदलतात, आणि नवशिक्याचा ताण सैल पडतो तो नेमका तेव्हा. सैल वेढा नेढ्यात घसरतो. मग फ्लाय पुरी झाली तरी नेढ्यातून तंगूस जात नाही. हे टाळायचं तर सुरुवातीपासूनच डोक्यासाठी एक-दीड नेढ्याएवढी जागा मोकळी ठेवावी. जागाच ठेवली नसेल तर कितीही सफाईने गाठ मारा, ती घसरणार. चार-पाच वेढे झाले की फासात सुई घालायची, बोटं काढून घ्यायची, सुईने ताण धरून बॉबिन ओढायची. फास अगदी डोक्याला भिडला की सुई बाहेर, आणि शेवटचा आवळ. सुई न घालता ओढलं तर उरलेला फास स्वतःभोवती पीळ खातो आणि मध्येच गुंता होऊन अडकतो.

जास्त वेढे म्हणजे जास्त मजबुती, हा समज सोडावा. आठ-दहा वेढ्यांखालून दोरा ओढताना घर्षण इतकं होतं की बारीक दोरा तुटतो. ७० डेनिअर म्हणजे ज्याचे ९,००० मीटर अवघे ७० ग्रॅम भरतात असा दोरा. त्याच्याकडून फार अपेक्षा धरू नये. चार-चार वेढ्यांच्या दोन व्हिप फिनिश एकामागे एक माराव्यात. महसीरसाठीच्या मोठ्या गळावर १४० किंवा २१० डेनिअरचा दोरा असतो, तिथे थोडं जोर लावून आवळलेलं चालतं.

दोरा तुटण्याचं आणखी एक कारण पीळ. गळाभोवती गुंडाळताना प्रत्येक वेढ्यागणिक दोऱ्याला पीळ चढत जातो. गाठीच्या आधी बॉबिन मोकळी लोंबकळू द्यावी, ती उलटी फिरून थांबली की दोरा सपाट होतो आणि वेढे शेजारी-शेजारी बसतात. तरीही त्याच जागी पुन्हा तुटत असेल तर बॉबिनच्या नळीची कड तपासावी किंवा गळाच्या टोकाला दोरा घासतोय का ते पाहावं. बोटांची कातडी खरखरीत असेल तर दोऱ्याचे तंतू तिला अडकतात. बोटांना क्रीम चोळून कातडी मऊ करावी, आणि नखांच्या कडाही कानशीने गुळगुळीत करून घ्याव्यात.

व्हिप फिनिश मारायच्या टूलबद्दल लेखात चकार शब्द नाही. फिरत्या मुठीचं टूल ते बनवणारे अमेरिकी कारागीर फ्रँक मॅटरेली यांच्या नावाने ओळखलं जातं. त्याच्या टोकाला आकडा असतो आणि थोडं मागे तारेचं वाकण. मूठ न फिरू देता दोरा आकड्यात घ्यायचा, तिथून वाकणावर, आणि बॉबिन गळाच्या पातळीला वर आणायची. मग टूल वळवलं की तोच उलटा ४ तयार होतो आणि मूठ धरून गळाभोवती फिरवलं की वेढे पडतात. शेवटी आधी वाकणावरचा दोरा सोडायचा, आकडा मात्र फासातच ठेवायचा. हाताच्या पद्धतीतल्या सुईचं काम तो करतो. दोन्ही एकदम सोडले की गुंता ठरलेला.

१८ किंवा २० नंबरच्या बारीक गळावर, जिथे बोटांना जागाच नाही, टूल सरस. (गळाचा नंबर जितका मोठा तितका गळ लहान, हे दुकानात विसरू नये.) बाकी कामाला आमचं मत हाताच्या बाजूने आहे, कारण पदर कुठे जातोय ते बोटांना कळतं. आधी पेन्सिलीवर जाड लोकर घेऊन सराव करावा, मग गळाकडे वळावं. टूलने सुरुवात केलेल्यांना टूल हरवलं की फ्लाय पुरी करता येत नाही, हे फार दिसतं.

डिंक, नेलपॉलिश, यूव्ही रेझिन यांना नाही म्हणत नाही. पण ते पातळ असावं, गाठीत मुरावं. सुकण्याआधी नेढ्यातून पिसाचा तुकडा ओढून घ्यावा, नाहीतर नेढं बुजतं. फार बारीक फ्लायला दोऱ्याच्या शेवटच्या दोन सेंटिमीटरवर इन्स्टंट ग्लूचा हात फिरवून लगेच व्हिप फिनिश मारली की वरून थेंब लागतच नाही.

पुरवणीच्या पुढच्या अंकात दुरुस्त आकृती छापावी, ही विनंती. दोन्ही पदर वेगळ्या रंगांत दाखवले तर उत्तम; आणि डावखुऱ्यांसाठी तीच आकृती आरशातल्यासारखी उलटी करून शेजारी दिली तर त्यांचीही सोय होईल.

आपले,
दोन वाचक, पुणे