शुक्रवारी दीडची बैठक आणि ‘उदासीन’ पालक

मा. संपादक,
स. न. वि. वि.

दिव्यांग मुलांच्या पालक मेळाव्याची बातमी कालच्या अंकात वाचली. ‘अल्पसंख्याक पालकांची पाठ’ असा ठळक मथळा आणि खाली जनजागृतीची गरज असल्याचं ठरलेलं वाक्य. आपल्या बातमीदाराने वार तेवढा पाहिला नाही. शुक्रवारी दुपारी दीडची वेळ ठेवायची, निमंत्रण आदल्या रात्री मराठीतून वडिलांच्या व्हॉट्सअ‍ॅपवर टाकायचं आणि वडील जुम्म्याच्या नमाजला गेले की सगळा समाज उदासीन ठरवायचा. जनजागृती हवीच, पण ती आधी वेळापत्रक काढणाऱ्यांची व्हावी.

बरं, आले असते तरी त्यांना तिथे काम काय होतं? मुलाचा वैयक्तिक शैक्षणिक आराखडा, म्हणजे त्याने पुढे काय शिकायचं याचा कागद, आधीच भरून तयार असतो. पालकांसाठी त्यात सही-अंगठ्याचा एक चौकोन. उद्दिष्टं काय, तर ‘भाषाविकास साधणे’, ‘स्वावलंबन वाढवणे’. यावर आईने घरी काय करायचं? ‘तहान लागली की ग्लासच्या चित्रावर बोट ठेवतो, दहापैकी सात वेळा, तीन महिन्यांत’ असं लिहिलं तर तिला कळतं, भिंतीवरच्या कॅलेंडरवर रोज खूण करता येते. तीन महिन्यांत अशी तीन उद्दिष्टं पुष्कळ झाली. आणि आराखड्याची एक प्रत घरी द्यावी, उर्दूत, नाहीतर निदान वाचून दाखवून. सध्या ती शाळेच्या फाइलीतच राहते.

मात्र मोठा घोटाळा त्याआधी, तपासणीच्या टेबलावर झालेला असतो, आणि त्याबद्दल कुणी छापत नाही. बौद्धिक अक्षमतेच्या प्रमाणपत्रासाठी व्हाइनलँड सोशल मॅच्युरिटी स्केल वापरतात; मूल रोजची कामं कोणत्या वयाच्या मुलासारखी करतं, म्हणजे त्याचं ‘सामाजिक वय’, मोजणारी ही चाचणी. त्याला भारतीय रूप नागपूरच्या मालिन यांनी दिलं. प्रश्न ८९, आणि उत्तरं मुलाची नव्हे, पालकाची. म्हणजे इथे आईचं बोलणं हीच चाचणी. ती बोलते दखनी, म्हणजे इकडची उर्दू बोली, विचारणारा बोलतो मराठी, मागे रांग लागलेली, मग दुभाषाचं काम वडील नाहीतर शिपाई करणार. शेजारीपाजारी एकटा जातो का? घर हायवेला लागून, तिने कधी पाठवलेलाच नसतो. ती ‘नाही’ म्हणते. बटणं लावतो का? अंगात बाराही महिने टी-शर्ट, पुन्हा ‘नाही’. मुलाला संधीच मिळाली नसेल तर त्यासाठी या मोजणीत वेगळी खूण आहे. ती करायची तर आईला उलटून विचारावं लागतं, ‘येत नाही, की तुम्ही करू देत नाही?’ भाषा येत नसेल तर हा दुसरा प्रश्न विचारलाच जात नाही.

याने किती बिघडतं ते पाहा. मूल आठ वर्षांचं, म्हणजे ९६ महिन्यांचं. सामाजिक वय ५३ महिने निघालं तर भागफल (सामाजिक वय भागिले खरं वय, गुणिले शंभर) ५५; ५१ निघालं तर ५३. केंद्राच्या २०१८च्या मार्गदर्शक सूचनांत असं धरलं होतं: ५५ ते ६९ म्हणजे सौम्य, दिव्यांगत्व ५० टक्के. ३६ ते ५४ म्हणजे मध्यम, ७५ टक्के. दोन महिन्यांचा, म्हणजे एखाददुसऱ्या उत्तराचा फरक, आणि कागदावर मूल एका गटातून दुसऱ्या गटात जातं. मग शाळा म्हणते, आमच्याकडे नको, विशेष शाळेत घाला. पुढचा आराखडाही याच आकड्यावर उभा राहतो.

उर्दू माध्यमाच्या शाळेत आणखी एक गंमत. मूल तिथे उजवीकडून डावीकडे लिहायला शिकतं. विशेष शिक्षक देवनागरी कार्डं आणि डावीकडून गिरवायची पानं घेऊन येतो. पोराने उजव्या टोकाला पेन्सिल टेकवली की ‘दिशाभ्रम’ अशी नोंद! वर ‘घरी मराठीतच बोला’ हा सल्ला. उशिरा बोलणाऱ्या मुलाशी आईने तिला नीट येणाऱ्या भाषेत दिवसभर बोलत राहावं, भाषा तिथेच रुजते. मोडक्यातोडक्या मराठीत ती बोलतेच कमी, आणि घरातलं सगळ्यात जवळचं माणूस गप्प होतं. किनवटकडच्या बंजारा तांड्यांवर गोरमाटी बोलणाऱ्या आयांनाही हेच ऐकवतात.

पालकांनी शाळा व्यवस्थापन समितीत यावं, असाही उपदेश बातमीत आहे. शिक्षण हक्क कायद्याचं कलम २१ तीन चतुर्थांश पालक, निम्म्या महिला आणि वंचित गटातील पालकांना प्रमाणात जागा द्यायला सांगतं. २०१२च्या दुरुस्तीने दिव्यांग मुलंही त्या गटात आली. पण त्याच दुरुस्तीने अल्पसंख्याक संस्थांच्या शाळांत ही समिती फक्त सल्ल्यापुरती ठेवली, आणि २०१४च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने तर त्या शाळा या कायद्याबाहेरच गेल्या. तेव्हा कोणत्या शाळेबद्दल बोलतो आहोत, हे उपदेशकांनी आधी पाहावं. विशेष शिक्षकांबद्दल तर बोलायलाच नको. सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये प्राथमिकला दहा विशेष गरजांच्या मुलांमागे एक, उच्च प्राथमिकला पंधरामागे एक असं प्रमाण सांगितलं. इथे एकेक शिक्षक मोटारसायकलवर शाळांमागून शाळा फिरतो. आईशी बोलायला तो थांबणार कधी?

जाता जाता, बातमीसोबतच्या छायाचित्राबद्दल. पाच पाहुणे, मध्ये व्हीलचेअरवर एक लहान मूल. खुर्ची सरळसरळ मोठ्या माणसाची आहे. मूल नीट बसलं की कमरेच्या दोन्ही बाजूंना आणि गुडघ्यामागे साधारण दोन बोटं जागा उरावी, तळवे पायटेकणीवर सपाट टेकावेत. फोटोत पाय लोंबकळताहेत आणि अंग एका बाजूला कललं आहे. सेरेब्रल पाल्सीच्या मुलाला असं रोज बसवलं तर पाठ वाकडी होते, घास गिळायलाही त्रास होतो. पाहुण्यांपैकी कुणाच्या हे लक्षात आलं नाही, आणि आपल्या छायाचित्रकाराच्याही नाही. त्या मुलाचं नाव, गाव आणि चेहरा छापण्याआधी आईची परवानगी घेतली होती का, आणि घेतली असल्यास कोणत्या भाषेत, हे कृपया कळवावं.

– एक विशेष शिक्षिका, परभणी
(नाव छापू नये.)