वर्धा नदीची जुनी हद्द, गावोगावच्या रिठी आणि पेटीतले फोटो

मा. संपादक साहेब,

सप्रेम नमस्कार. १ मे आला की राज्याच्या इतिहासावर पुरवण्या निघतात, त्यात गडकिल्ले असतात, मुंबईचा लढा असतो, आम्ही आवडीनं वाचतो. पण हे राज्य व्हायच्या आधी आमच्या वर्धा नदीकाठच्या गावांत काय होतं हे त्यात येत नाही. अन् तो इतिहास हरवला असंही नाही, जुन्या नकाशांत आहे, लोकांच्या पेटीतल्या फोटोंत आहे, शिवेवरच्या गोट्यांत आहे.

नदीचंच पाहा. १८०३ मध्ये देवगावचा तह झाला, नागपूरकर भोसल्यांना नदीच्या पश्चिमेचा मुलूख सोडावा लागला अन् तो निजामाकडे गेला. म्हणजे आज आर्वीकडून कौंडण्यपूरला दर्शनाला जाताना आपण जी नदी ओलांडतो ती पन्नास वर्षं दोन राज्यांची हद्द होती! १८५३ ला इंग्रजांनी निजामाकडून वऱ्हाडचा, म्हणजे नदीपलीकडच्या मुलखाचा, कारभार घेतला, त्याच वर्षी नागपूरचे राजे तिसरे रघुजी भोसले वारले, १८५४ ला नागपूरचं राज्य खालसा झालं, १८६१ ला मध्य प्रांत तयार झाला, तरी दोन्ही काठ एका कारभारात यायला १९०३ उजाडलं. म्हणून तर इकडे गावाचा सारा भरणारा मालगुजार अन् तिकडे शेतकऱ्यानं थेट सरकारला सारा भरायची रयतवारी, जमिनीचे कागद वेगळे, पाटलाचा मान वेगळा. आमचे म्हातारे अजून पलीकडच्या सोयऱ्यांना वऱ्हाडातले म्हणतात ते उगाच नाही. जुन्या नकाशात ही हद्द ठळक दिसते, पण नदीवरच्या ज्या पुलांवरून मी गेलो त्यातल्या एकावरही याचा बोर्ड मला दिसला नाही. आमचा वर्धा जिल्हा १८६२ ला नागपूरमधून वेगळा निघाला, पहिलं ठाणं पुलगावजवळ कवठ्याला होतं, १८६६ ला ते पालकवाडीला आलं अन् तिथं आजचं वर्धा शहर वसलं, हे शाळेतल्या किती पोरांना माहीत असेल?

आता रिठीबद्दल, कारण माझा जीव त्यातच अडकला आहे. सातबाऱ्यावर मौजा अमुक रीठ असं लिहिलेलं असते, जमीन आहे, शिव आहे, पण गावात माणूस नाही. कुठं दुष्काळानं गाव उठलं, कुठं रोगराईनं, कुठं नदीच्या पाण्यानं. एक मैलाला एक इंच या मापाच्या सर्व्हेच्या जुन्या शीटवर असं ओसाड गाव दाखवलेलं असते, विहीर असते, देऊळ असते, तिथून निघालेली पांदण, म्हणजे गाडीवाट, तुटक रेषेनं दाखवलेली असते. तो नकाशा मोबाईलवर घेऊन रिठीवर जा, पांदण बहुतेक वावरात गेलेली दिसते, पण विहीर सापडते, मारुतीचा शेंदूर लावलेला गोटा सापडतो, तीन गावांच्या शिवा मिळतात तिथला दगडही बरेचदा जागेवर असते. अन् पांढरीची, म्हणजे जुन्या वस्तीच्या जागेची, माती पायाखाली लागली की समजा माणसं इथंच राहत होती. पौनारला १९६७ साली अशाच पांढरीत खोदकाम झालं अन् दोन हजार वर्षांहून जुनी वस्ती उजेडात आली, कौंडण्यपूरलाही तसंच. आमच्याकडे मात्र जेसीबी लावून पांढरी माती ट्रॉलीनं घरात भरण टाकायला नेऊन राहिले लोक, खापरं, मणी, जुन्या विटा सगळं त्यात चाललं. शेतकऱ्याला दोष देऊन काय होणार, त्याला कोणी सांगितलंच नाही की खाली काय आहे.

हिंगणघाटला विल्यम लॅम्बटनची कबर आहे. १८०२ ला मद्रासहून ज्यानं अख्ख्या हिंदुस्थानची त्रिकोणमितीय मोजणी सुरू केली तो माणूस मोजणी करत करत नागपूरकडे निघाला होता अन् २० जानेवारी १८२३ ला हिंगणघाटात वारला. नागपूरचा झिरो माईलचा खांब पाहायला लोक जातात, सेल्फी काढतात, चांगलंच आहे, मग त्याच मोजणीच्या मूळ पुरुषाकडे जायचा रस्ता दाखवणारी पाटी महामार्गावर ठळक असायला काय हरकत आहे?

माझी मागणी फार मोठी नाही. भूमी अभिलेख खात्यानं प्रत्येक गावाचा जुना गावनकाशा स्कॅन करून त्याची मोठी प्रिंट ग्रामपंचायतीच्या भिंतीवर लावावी, फुकट, अर्ज-चकरा न मारता. रिठीच्या जागी साधा लोखंडी बोर्ड लावावा, गावाचं नाव अन् इथली माती उकरू नये एवढं लिहिलं तरी पुरे. खर्च ग्रामपंचायतीला झेपण्यासारखा आहे.

अन् तुम्हाला एक विनंती. रविवारी अर्धं पान वाचकांच्या जुन्या फोटोंसाठी द्या. लग्नाच्या फोटोत मागं जिनिंगची चिमणी दिसते, कोणाच्या फोटोत पुलगाव-आर्वी छोटी गाडी दिसते, कोणाकडे बैलबाजाराचा फोटो असते. लोकांनी पाठवण्याआधी घरातल्या म्हाताऱ्या माणसाजवळ बसून कोण, कुठलं, साधारण कोणतं साल हे विचारून घ्यावं अन् फोटोच्या मागं पेन्सिलनं लिहावं, बॉलपेननं नको, शाई पुढून उमटते. पहिल्या रविवारसाठी आमच्या घरचे फोटो मी पाठवायला तयार आहे.

आपला,
एक शेतकरी वाचक, ता. आर्वी, जि. वर्धा