श्रेय लाइपझिगच्या रस्त्यालाही द्या

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

जर्मनीच्या एकीकरणावरचा आपल्या रविवार पुरवणीतला लेख वाचला. 1945 मध्ये पराभूत जर्मनीची चार विजेत्या राष्ट्रांनी कशी वाटणी केली, 1949 मध्ये त्यातून दोन देश कसे उभे राहिले, 13 ऑगस्ट 1961 ला बर्लिनकर झोपेतून उठले तेव्हा रस्त्यांवर काटेरी तारा कशा पसरल्या होत्या, हे सगळे लेखकाने नीट मांडले आहे. पण पुढे लेख रेगन, गोर्बाचेव्ह आणि पश्चिम जर्मनीचे चान्सलर हेल्मुट कोल या तिघांभोवतीच फिरतो आणि एकदम 9 नोव्हेंबर 1989 च्या रात्री बर्लिनच्या भिंतीवर चढलेल्या तरुणांपाशी पोहोचतो. पूर्व जर्मनीची सामान्य माणसे त्यात दिसतात ती फक्त दार उघडल्यावर बाहेर पडणारी गर्दी म्हणून. हे मला अजिबात पटले नाही. इतकी वर्षे इतिहास शिकवल्यानंतर तर मुळीच नाही. ते दार आतून ढकलले गेले होते, आणि सर्वांत जोराचा धक्का महिनाभर आधी पूर्व जर्मनीतल्या लाइपझिग शहरात बसला होता.

त्या शहरातल्या निकोलाय चर्चमध्ये 1982 पासून दर सोमवारी संध्याकाळी पाच वाजता शांततेसाठी प्रार्थना होत असे. सुरुवातीला मोजकी माणसे येत. 1989 च्या मे महिन्यात स्थानिक निवडणुका झाल्या आणि सरकारी यादीला 98.85 टक्के मते पडल्याचे जाहीर झाले. मात्र या वेळी ठिकठिकाणी नागरिक मतमोजणीला स्वतः हजर होते, आकडे टिपून घेत होते. लबाडी उघडी पडली. पुढच्याच महिन्यात बीजिंगमध्ये विद्यार्थ्यांवर रणगाडे घातले गेले आणि पूर्व जर्मनीच्या संसदेने त्या कारवाईला पाठिंबा देणारा ठराव केला. आपल्याकडेही तसेच होणार, हा इशारा लोकांना बरोबर कळला. तरीही सोमवारची गर्दी वाढतच गेली.

6 ऑक्टोबरला लाइपझिगच्या दैनिकात कामगारांच्या सशस्त्र पथकाच्या एका कमांडरच्या नावाने पत्र छापून आले. समाजवादाच्या रक्षणासाठी वेळ पडली तर हातात शस्त्र घेऊ, असे त्यात बजावले होते. वाचकांच्या पत्राचा असाही वापर होऊ शकतो, हे आपल्यासारख्या पत्रलेखकांनी लक्षात ठेवायला हवे. सोमवारी, 9 तारखेला, शहरात पोलीस आणि सशस्त्र पथके मिळून हजारो माणसे तैनात होती. रुग्णालयांत रक्ताचा जादा साठा करून ठेवल्याच्या बातम्या तोंडोतोंडी पसरत होत्या. घरातून निघणाऱ्या प्रत्येकाला आपण परत येऊ की नाही याची धाकधूक होती.

प्रार्थना संपवून लोक बाहेर आले तेव्हा चौक आधीच भरला होता. सुमारे 70,000 माणसे जुन्या शहराभोवतीच्या वर्तुळाकार रस्त्याने चालू लागली. संगीतकार कुर्ट माझूर यांच्यासह सहा जणांनी काढलेले शांततेचे आवाहन ध्वनिक्षेपकांवरून ऐकू येत होते. विशेष म्हणजे या सहांत सत्ताधारी पक्षाचे तीन स्थानिक पदाधिकारीही होते. अनेकांच्या हातात मेणबत्त्या होत्या. मेणबत्ती घेऊन वाऱ्यात चालायचे तर दुसरा हात ज्योतीच्या आडोशाला धरावा लागतो. मग दगड उचलायला हात मोकळा राहतोच कुठे? गुप्त पोलिसांच्या, म्हणजे श्टाझीच्या, कचेरीवरून ती गर्दी गेली, पण एक काचही फुटली नाही. ‘आम्हीच जनता’ ही घोषणा घुमत होती. गोळीबाराचा हुकूम निघाला नाही. एका चर्चच्या मनोऱ्यावर लपून दोन तरुणांनी, आराम रादोम्स्की आणि झिगबर्ट शेफ्के यांनी, हे सगळे कॅमेऱ्यात टिपले. चित्रफीत चोरून पश्चिम बर्लिनला गेली आणि दुसऱ्याच दिवशी पश्चिमेच्या दूरदर्शनवर झळकली. पूर्वेतही ती घरोघर पाहिली गेली. नऊ दिवसांत पूर्व जर्मनीचे सर्वेसर्वा एरिक होनेकर पायउतार झाले.

गोर्बाचेव्ह यांचे मोठेपण मी नाकारत नाही. 17 जून 1953 चा पूर्व जर्मनीतला उठाव सोव्हिएत रणगाड्यांनी चिरडला होता. 1989 मध्ये तेच सैन्य बराकींतून बाहेर पडले नाही, आणि हा फरक मॉस्कोमुळेच पडला. हंगेरीने सप्टेंबरमध्ये सीमा खुली केली, तिचाही वाटा आहेच. पण बराकीतले सैनिक बाहेर येणार नाहीत याची खात्री त्या संध्याकाळी रस्त्यावरच्या कोणालाही नव्हती. म्हणून त्या माणसांचे धैर्य मला मोठे वाटते.

लेखात न आलेली आणखी एक गोष्ट. चळवळ उभी करणाऱ्यांच्या आघाडीला मार्च 1990 च्या पहिल्या मुक्त निवडणुकीत तीन टक्केही मते मिळाली नाहीत. लोकांना लवकरात लवकर एकीकरण हवे होते आणि पश्चिमेचे चलन, म्हणजे मार्कही. तो 1 जुलैला आला, पगारांसाठी पूर्वेच्या एका मार्कला पश्चिमेचा एक मार्क या दराने. पूर्वेच्या कारखान्यांना हा दर पेलवणे शक्यच नव्हते. ट्रॉयहांड या सरकारी संस्थेच्या ताब्यात सुमारे 8,500 उद्योग आणि 40 लाख कामगार आले. 1994 अखेर ती बंद झाली, तोवर कित्येक कारखाने विकले गेले होते किंवा कायमचे थंडावले होते. रस्त्यावर उतरलेल्यांतल्याच कितीतरी जणांच्या नोकऱ्या त्यात गेल्या. पूर्वेत आजही पगार कमी आहेत आणि तिथल्या लोकांच्या मनात राग आहे. त्याला केवळ कृतघ्नपणा म्हणणे, जसे लेखात सूचित होते, हा त्यांच्यावर सरळ अन्याय आहे.

एक दुरुस्तीही सुचवतो. जर्मनीचा राष्ट्रीय दिन 9 नोव्हेंबर नसून 3 ऑक्टोबर, म्हणजे 1990 मध्ये एकीकरण झाले तो दिवस, आहे. 1938 मध्ये 9 नोव्हेंबरच्याच रात्री ज्यूंची प्रार्थनास्थळे जाळली गेली होती, त्यामुळे त्या तारखेला उत्सव करणे जर्मनांना योग्य वाटले नाही.

येत्या 9 ऑक्टोबरला लाइपझिगवर स्वतंत्र लेख द्यावा, ही विनंती. आणि बर्लिनला भिंतीचे तुकडे पाहायला जाणाऱ्या मराठी पर्यटकांना सांगावेसे वाटते की लाइपझिग तिथून रेल्वेने सव्वा तासावर आहे. निकोलाय चर्च सर्वांना खुले आहे, आणि श्टाझीच्या त्या कचेरीत आता संग्रहालय आहे.

आपला,
एक नियमित वाचक, पुणे