पन्नास वर्षांची अट आणि कुर्ल्याची पद्मिनी

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

३० ऑक्टोबर २०२३ पासून मुंबईच्या रस्त्यांवर प्रीमियर पद्मिनी टॅक्सी म्हणून धावत नाही. मुंबईत टॅक्सीला वीस वर्षांची वयोमर्यादा आहे, आणि शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची नोंदणी ताडदेवच्या परिवहन कार्यालयात २९ ऑक्टोबर २००३ रोजी झालेली असल्याने हा दिवस केव्हा येणार हे आधीपासूनच ठरलेले होते. त्याच्या दीड महिना आधी, १५ सप्टेंबरला, बेस्टची डिझेलवर चालणारी जुनी दुमजली बसही शेवटची धावली होती. त्या दिवसांत वृत्तपत्रांतून छायाचित्रे आली, आठवणी आल्या, हारतुरे घातलेल्या गाड्या दिसल्या. परंतु महाराष्ट्राच्या कारखान्यांतून, महाराष्ट्रातल्या कामगारांच्या हातून तयार झालेल्या या वाहनांना ‘जपण्याजोगी’ म्हणून कायदा केव्हा मान्यता देणार, हा प्रश्न त्या निरोपाच्या गर्दीत मागेच राहिला. तो आपल्या वृत्तपत्राद्वारे मांडण्याची परवानगी मागतो.

केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने जुलै २०२१ मध्ये मोटार वाहन नियमांत दुरुस्ती करून ‘व्हिंटेज’ वाहनांसाठी स्वतंत्र नोंदणी सुरू केली. पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षे उलटलेली, मूळ स्वरूपात राखलेली, सांगाडा, बॉडी किंवा इंजिन यांत मोठा फेरफार न झालेली दुचाकी व चारचाकी वाहने त्यात येतात. त्यांना क्रमांकात ‘व्हीए’ ही अक्षरे मिळतात, शुल्क वीस हजार रुपये असते, नोंदणी दहा वर्षांसाठी असते आणि नूतनीकरणाला पाच हजार रुपये पडतात. अशी गाडी रोजच्या वापरासाठी वा धंद्यासाठी चालवता येत नाही. प्रदर्शन, संशोधन, जुन्या गाड्यांची रॅली, इंधन भरणे आणि दुरुस्ती एवढ्यापुरतीच ती रस्त्यावर येऊ शकते. हा नियम चांगला आहे आणि त्याआधी असे काहीच नव्हते, हे मला मोकळेपणाने मान्य आहे. माझा आक्षेप पन्नास या आकड्याला आहे. या नियमानंतर महिन्याभरातच, १३ ऑगस्ट २०२१ रोजी, वाहने भंगारात काढण्याचे राष्ट्रीय धोरण जाहीर झाले. म्हणजे पंधरा-वीस वर्षांच्या गाडीला भंगारवाड्याची वाट दाखवायची आणि पन्नास वर्षे टिकलेल्या गाडीला मान द्यायचा, असे दोन निर्णय एकाच पावसाळ्यात झाले. मधल्या तीस वर्षांत गाडी कोणी, कशाच्या बळावर आणि कोणत्या कागदपत्रांवर सांभाळायची, याचे उत्तर दोहोंपैकी एकाही निर्णयात नाही.

ज्यांच्याकडे संस्थानिकांच्या काळातील रोल्स-रॉइस किंवा पॅकार्ड आहे, त्यांना या अटीची झळ लागत नाही. ती लागते आपल्याकडे बनलेल्या गाड्यांना, कारण आपला मोटार उद्योगच वयाने लहान आहे आणि तो लहान का आहे यालाही एक इतिहास आहे.

जनरल मोटर्सने १९२८ मध्ये शिवडीला मोटारींच्या जुळणीचा कारखाना सुरू केला, फोर्डही मुंबईत गाड्या जोडत होती; पण सुटे भाग पेट्यांतून यायचे आणि इथे फक्त जोडले जायचे. भारतातच मोटार घडवावी यासाठी सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांनी १९३०च्या दशकात परदेशांतले कारखाने पाहून योजना तयार केली आणि सोलापूरचे वालचंद हिराचंद तिच्या मागे उभे राहिले. मुंबईतील खेर मंत्रिमंडळाची या योजनेला सहानुभूती होती, परंतु १९३९ साली ते मंत्रिमंडळच गेले. वालचंदांनी फोर्डकडे प्रयत्न केले, तिथे जमले नाही म्हणून क्रायस्लरशी करार केला. मात्र युद्धाच्या धामधुमीत ब्रिटिश सरकारने मोटार कारखान्याला साथ दिली नाही. विमानाचा कारखाना बंगळुरूला आणि जहाजांचा विशाखापट्टणमला उभारणाऱ्या या माणसाला मोटारीच्या कारखान्यासाठी सर्वाधिक थांबावे लागले. प्रीमियर ऑटोमोबाइल्सची स्थापना १९४४ ची, आणि कुर्ल्याच्या कारखान्यातून वाहने बाहेर पडली ती १९४७ साली. सुरुवातीला डॉज, प्लिमथ, डिसोटो या अमेरिकी बनावटीच्या मोटारी आणि फार्गो ट्रक तिथे तयार होत. १९५३ साली प्रशुल्क आयोगाच्या (टॅरिफ कमिशनच्या) शिफारशीनुसार, इथेच उत्पादन करण्याचा कार्यक्रम नसलेल्या परदेशी कंपन्यांना दारे बंद झाली, फोर्ड आणि जनरल मोटर्स निघून गेल्या, आणि वालचंदांच्या निधनानंतर वर्षभराने, १९५४ मध्ये, कुर्ल्याला इटलीच्या फियाट ११०० या मोटारीचे पर्व सुरू झाले.

त्या पहिल्या, गोलसर बांध्याच्या आणि पुढची दारे उलट्या बाजूने उघडणाऱ्या गाडीला लोकांनी ‘डुक्कर फियाट’ म्हटले, आणि त्या नावात तुच्छता मुळीच नव्हती. आजही जुन्या गाड्यांचे शौकीन ते नाव प्रेमानेच घेतात. पुढे एलिगंट, सिलेक्ट, सुपर सिलेक्ट अशी रूपे आली, १९६४ मध्ये ११०० डिलाइट आली, फियाटशी असलेला करार संपल्यावर १९७२ मध्ये हीच गाडी प्रीमियर प्रेसिडेंट झाली आणि १९७४ मध्ये तिला राणी पद्मिनीचे नाव मिळाले. १०८९ सीसीचे चार सिलिंडरचे इंजिन, स्टेअरिंगच्या खांबावरचा गिअर, पुढच्या बाजूलाही तिघे बसू शकतील अशी सलग सीट, दाराच्या काचेपुढची वळणारी त्रिकोणी काच. इटलीत हा बांधा १९६०च्या दशकातच मागे पडला. आपण तो विसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत चालवला. यात परवाना राजची कोंडी होती, वर्षानुवर्षांची प्रतीक्षायादी होती, ग्राहकाची फरफटही होती. परंतु त्याच काळात इथल्या माणसांनी त्या गाडीचा एकूण एक भाग देशात बनवायला शिकून घेतला, आणि हे शिक्षण कोणत्याही करारनाम्यात लिहून मिळणारे नव्हते.

हे मी ऐकीव माहितीवर लिहीत नाही. मी अठ्ठावीस वर्षे कुर्ल्यातील एका लहानशा गाळ्यात लेथवर काम केले. तिथे फियाटच्या किंगपिनचे बुश कातले जात. पुढच्या चाकांना वळण देणारा हा साधा पितळी तुकडा. त्याचे माप किंचित जरी चुकले तरी स्टेअरिंगला खेळ येतो आणि गाडी रस्त्यावर भटकते. आमच्या गाळ्यात सहा माणसे होती, कोणी पदवीधर नव्हता, आणि गेजमध्ये, म्हणजे माप तपासण्याच्या साधनात, न बसणारा जॉब (कातलेला तुकडा) आमचे मिस्त्री डोळ्यांदेखत भंगारात टाकत, मग त्या दिवसाची मजुरी बुडाली तरी चालेल. कुर्ला, साकीनाका, भांडुप, ठाणे या पट्ट्यात असे शेकडो गाळे होते. पुढे पुण्या-चाकणच्या बाजूला जो मोठा वाहन उद्योग उभा राहिला, त्याची मापे सांभाळण्याची शिस्त अशा गाळ्यांतून आलेली आहे, असे माझे ठाम मत आहे.

आता पन्नास वर्षांच्या अटीचा हिशेब मांडू. १९७४ ची पहिली पद्मिनी नुकतीच पात्र झाली. बजाजची १९७२ ची चेतक स्कूटरही बसते. पण सर्वाधिक संख्येने रस्त्यावर आलेली १९८० आणि १९९०च्या दशकांतील पद्मिनी पात्र व्हायला २०३० ते २०५० इतकी वाट पाहावी लागेल. फियाट १२४ च्या बांध्यात निसानचे इंजिन बसवलेली १९८५ ची प्रीमियर ११८ एनई २०३५ मध्ये, पुण्यात जन्मलेली १९९१ ची टाटा सिएरा २०४१ मध्ये, आणि भारतीय अभियंत्यांनी घडवलेली, १९९८ च्या अखेरीस बाजारात आलेली इंडिका २०४८ मध्ये. यांतील अनेक गाड्या आजच शोधून सापडत नाहीत. माझी स्वतःची पद्मिनी १९८६ ची आहे. दर पाच वर्षांनी फेरनोंदणी, पर्यावरण कर, तपासणी हे सर्व मी विनातक्रार करतो. नियमाप्रमाणे ती २०३६ मध्ये पात्र ठरेल, आणि मी आज एकाहत्तर वर्षांचा आहे.

जगात यासाठी वेगळी फूटपट्टी वापरली जाते. ऐतिहासिक वाहनांच्या ‘फिवा’ या आंतरराष्ट्रीय महासंघाच्या व्याख्येत किमान वय तीस वर्षे आहे. जर्मनीत १९९७ पासून तीस वर्षांच्या, चांगल्या राखलेल्या गाडीच्या क्रमांकाला ‘एच’ हे अक्षर मिळते. ब्रिटनमध्ये चाळीस वर्षांनंतर रस्ता करातून सूट मिळते. ज्या देशांत मोटारीचा उद्योग आपल्याहून कितीतरी जुना आहे ते तीस-चाळीस वर्षांवर समाधानी आहेत, आणि ज्यांचा उद्योग १९४७ च्या आसपास खऱ्या अर्थाने सुरू झाला त्या आपण पन्नास वर्षांचा आग्रह धरतो. म्हणून पन्नासऐवजी तीस वर्षांची मर्यादा करावी, आणि वापरावरची बंधने आहेत तशीच ठेवावीत, अशी माझी पहिली विनंती आहे. जुनी वाहने धूर करतात हे खरे आहे, आणि मुंबईच्या हवेची स्थिती पाहता जुन्या टॅक्सी पुन्हा धंद्याला लावा असे कोणी शहाणा माणूस म्हणणार नाही. वर्षाकाठी थोडेच किलोमीटर चालणाऱ्या, जपलेल्या गाड्यांपुरतीच ही मागणी आहे.

दुसरी अडचण ‘मूळ स्वरूप’ या शब्दांची. मुंबईच्या टॅक्सीने मूळ स्वरूप कधीच राखले नाही. तिच्या टपावर लोखंडी कॅरिअर चढला, बाहेरच्या बाजूला पत्र्याच्या डब्यातला मीटर बसला, कित्येकींत डिझेल इंजिन आले आणि नंतर प्रदूषणाच्या प्रश्नावरून डिकीत सीएनजीची टाकी आली. नियमाच्या दृष्टीने असे बदल अपात्रतेकडे नेतात; इतिहासाच्या दृष्टीने पाहिले तर या शहराची चाळीस-पन्नास वर्षे त्या बदलांतच नोंदलेली आहेत. कारखान्यातून निघाली तशी कोरी पद्मिनी आणि दोन लाख किलोमीटर टॅक्सी म्हणून राबलेली पद्मिनी या दोन्ही जपायला हव्यात, आणि दुसरीसाठी सार्वजनिक वापराच्या वाहनांचा एक वेगळा वर्ग नियमात असावा.

तिसरी विनंती राज्य शासनाला आहे. लालबहादूर शास्त्री पंतप्रधान असताना त्यांनी बारा हजार रुपयांची फियाट घेतली, त्यासाठी पंजाब नॅशनल बँकेकडून पाच हजारांचे कर्ज काढले, आणि त्यांच्या निधनानंतर ललिताबाईंनी ते निवृत्तिवेतनातून फेडले. कुर्ल्याला तयार झालेली ती मोटार दिल्लीतील शास्त्रीजींच्या स्मारकात जपून ठेवलेली आहे. हरियाणात तावडूला वाहतुकीचे संग्रहालय आहे, कोइम्बतूरला मोटारींचे संग्रहालय आहे. मुंबईत अणिक आगारात बेस्टचे संग्रहालय आहे आणि ट्रामपासूनचा इतिहास तिथे निगुतीने मांडलेला आहे. त्याच धर्तीवर मोटार, स्कूटर, ट्रक आणि तीनचाकी यांचा महाराष्ट्रातील इतिहास सांगणारे एक सार्वजनिक संग्रहालय मुंबईत किंवा पिंपरी-चिंचवडला उभे राहावे. त्यात डुक्कर फियाटपासून पद्मिनीपर्यंतची मालिका असावी, चेतक असावी, आणि बजाज टेम्पोची ती तीनचाकी असावी, जिच्यामुळे ‘टेम्पो’ हा शब्द मराठीत कोणत्याही छोट्या मालवाहू गाडीला लागला. इचलकरंजीच्या शंकरराव कुलकर्णी यांनी स्वतःच्या कल्पनेने घडवलेल्या ‘मीरा’ या चिमुकल्या मोटारीलाही तिथे जागा मिळावी. तिचे एकाहून अधिक नमुने तयार झाले आणि चालले, पण मोठ्या उत्पादनापर्यंत ती पोहोचली नाही. न पोहोचलेल्या प्रयत्नांचा इतिहास जपणारे तर कोणीच नसते.

गाड्यांइतकीच निकड कागदांची आहे. कारखान्यांची आरेखने, सुट्या भागांच्या यादीची पुस्तके, दुरुस्तीच्या पुस्तिका, कामगारांचे पास, प्रशिक्षणार्थींच्या वह्या हे सर्व आज निवृत्त माणसांच्या माळ्यावर आहे, आणि घर बदलताना ते रद्दीत जाते. वयाची अट बदलायला दिल्लीतून अधिसूचना लागेल, संग्रहालयाला जागा आणि पैसा लागेल. कागद गोळा करायला मात्र एक खोली, एक कपाट आणि आवाहनाची चार ओळींची जाहिरात पुरेशी आहे. राज्य पुराभिलेख विभागाने किंवा एखाद्या अभियांत्रिकी महाविद्यालयाने हे काम याच वर्षी हाती घ्यावे.

माझ्याकडे पद्मिनीची दुरुस्ती-पुस्तिका, आमच्या गाळ्यातील किंगपिन बुशची दोन गेजे आणि तेलाचे डाग पडलेली त्यांची मूळ आरेखने आहेत. असा संग्रह जिथे सुरू होईल तिथे या वस्तू मी स्वतः नेऊन विनामूल्य देईन.

आपला,
एक निवृत्त कामगार, डोंबिवली